टेपवरच्या बाई

जळक्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या वाइंडरच्या दुकानात भावाची घासाघीस कधी व्हायचीच नाही. जळालेली मोटर घेऊन गिऱ्हाईक आलं आणि किती होतील म्हणून विचारायला लागलं, की तो मान वर न करता म्हणायचा, "आधी फिरू तर दे. पैशाचं मग बघू." मोटर फिरली की गिऱ्हाईक खूश, आणि खुशीत असलेला माणूस फारशी खळखळ करत नाही, हे त्याचं साधं गणित. याच गणितावर त्याने घर चालवलं, स्वतःचं दुकान केलं आणि टकळीची शाळा पार पाडली. टकळी ही त्याची एकुलती एक मुलगी. बोलायला लागली तेव्हापासून तिच्या तोंडाला विसावा नव्हता, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

कॉलेजवाले मात्र आधी पैसे मागत होते. आणि टकळीला शिकायचं काय होतं, तर एक भाषा. तीही जी आता कोणी बोलत नाही अशी. दूरच्या एका डोंगरावरचे लोक ती बोलायचे. डोंगर खाणीत गेला, माणसं चहूकडे पांगली आणि जिथे गेली तिथलं बोलायला लागली. शेवटची बोलणारी बाई वारून जमाना झाला होता.

"मग तू बोलणार कोणाशी?" वाइंडरचा हा एकच प्रश्न होता आणि तो त्याने महिनाभर वेगवेगळ्या आवाजात विचारून पाहिला.

बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. तिचं म्हणणं, मुलीने रक्त तपासायचा कोर्स करावा. "रक्त सगळ्यांना असतं. त्याला भाषा लागत नाही," ती म्हणायची. बायकोच्या भावाला तर सगळ्या रोगांवर अकाउंट्स हेच औषध वाटायचं, त्यामुळे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"एक परकी भाषा मुळापासून शिकलं ना बाबा, की पुढची कुठलीही शिकता येते," टकळी सांगायची. "ऐकायचं कसं ते कळतं. जन्मभर पुरतं ते."

"जन्मभर पुरायला आधी जन्मभराची कमाई घालावी लागते त्याचं काय?"

यावर ती गप्प बसायची. टकळीने गप्प बसणं घरात कोणालाच सोसायचं नाही. तीन वर्षांची फी म्हणजे दुकानाचा पुढचा अर्धा भाग आणि वाइंडिंगचं नवं मशीन. तेवढं विकलं तर जमत होतं. एवढं विकून मुलगी शेवटी भिंतीशी बोलत बसणार असेल तर काय उपयोग, या विचाराने त्याची झोप उडाली होती. शेवटी टकळीच म्हणाली, "तू एकदा चल. सुट्टीतल्या वर्गाला मी इतके दिवस जातेय, तिथे काय चालतं ते डोळ्यांनी बघ. नाही पटलं तर मी आई म्हणते तसं रक्त तपासायला जाते."

दुपारी दुकानाला कुलूप लावून तो गेला. इमारतीचा दुसरा मजला, लांबलचक बोळ, आणि बोळाच्या टोकाला एक खोली. पोलादी कपाटं, त्यात टेपांच्या चकत्यांचे डबे. खिडकीशी टेबलावर पाट्याएवढं जुनं टेपमशीन, त्याच्यापुढे एक खुर्ची. खुर्चीवरची उशी बसून बसून पापडासारखी झाली होती. शिकवायला एकच सर होते. अंगकाठी बारीक, शर्ट कडक इस्त्रीचा, पण एक बटण चुकून वरच्या काजात गेलेलं. बोलायचे सावकाश, प्रत्येक शब्द कुठूनतरी आणायला गेल्यासारखे.

"या टेपा माझ्या सरांनी केल्या," ते म्हणाले. "ही भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या बाईंसमोर बसून ते प्रश्न विचारायचे, बाई उत्तरं द्यायच्या. नंतर त्यांनी आपले प्रश्न पुसून टाकले. उत्तरं तेवढी ठेवली. मध्ये जागा राहिल्या. विद्यार्थ्याने त्या जागेत प्रश्न विचारायचा. बरोबर विचारला, तर बाईंचं उत्तर त्याला बसतं."

"आणि चुकीचा विचारला तर?"

"तर बाई भलतंच बोलताहेत असं वाटतं. चूक आपली असते."

वाइंडरला ही पद्धत आवडली. तार नीट भरली तर मोटर फिरते, नाहीतर घुरघुरते. यात पुस्तकी असं काहीच नव्हतं.

टकळी खुर्चीत बसली. म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, खरखरीत, थोडा हसरा. बाई बोलल्या, थांबल्या. टकळीने काहीतरी विचारलं. बाई पुन्हा बोलल्या. फोनवर गप्पा चालाव्यात तसं ते चाललं होतं. मध्येच बाई हसल्या, टकळीही हसली. वाइंडर भिंतीला टेकून बघत राहिला. ही पोरगी दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेऊ शकते, हे त्याने अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. ऊर भरून यावा तसं त्याला झालं, पण फीचा आकडा आठवून त्याने ते आवरलं.

मग बाईंनी एक छोटं वाक्य म्हटलं आणि टकळीने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"काय म्हणाल्या?"

"विचारताहेत, मागे कोण उभं आहे."

वाइंडर हसला. "त्या वेळी कोणी उभं असेल मागे. टेपवर आहे ते."

"असेल," सर म्हणाले. पण ते हसले नाहीत.

वाइंडरचा हात सवयीने पुढे गेला. कुठलंही यंत्र दिसलं की तो आधी त्यावर तळहात ठेवायचा. आत मोटर कशी चालली आहे ते हाताला लगेच कळायचं. त्याने मशीनच्या झाकणावर हात ठेवला. झाकण थंडगार होतं. कंप नाही, काही नाही. तेव्हा त्याने नीट पाहिलं. चकत्या फिरतच नव्हत्या. वायर टेबलामागून खाली आली होती आणि तिची पिन खिडकीच्या कट्ट्यावर धूळ खात पडली होती.

बाई बोलतच होत्या.

त्याने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. "बंद आहे हे," तो म्हणाला.

"मशीनचा पट्टा तुटला तेव्हा मीही घाबरलो होतो," सर म्हणाले. "मग सवय झाली. बसा. त्या... त्याच्यावर... बसायचं असतं ते..." त्यांनी टकळीकडे पाहिलं.

टकळीने एक शब्द सांगितला. तो त्या भाषेतला होता. मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "स्टुलावर."

"हां, स्टुलावर बसा."

तो शब्द सापडायला आपल्या टकळीलाही क्षणभर लागला, हे वाइंडरला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं. तो स्टुलावर बसला. पैशाचं बोलायला आलेला माणूस घाबरला तरी पैशाचंच बोलतो. त्याने फी कमी होईल का म्हणून विचारलं. तेवढ्यात बाईंनी टकळीला काहीतरी विचारलं, टकळीने उत्तर दिलं, आणि बाई दोनच शब्द बोलल्या. सर ताठ बसले.

"काय झालं?"

"तुम्ही कशासाठी आलात ते त्यांनी विचारलं. हिने सांगितलं, पैशासाठी. त्या म्हणाल्या, हिच्याकडून घेऊ नका." सरांनी कपाळ पुसलं. "विभागाचा नियम आहे. बाई ज्याला निवडतील त्याची फी माफ. मला निवडलं होतं, तेव्हा माझीही माफ झाली."

"सगळी?" वाइंडरने विचारलं. लाज वाटली तरी आशा सुटली नाही.

"सगळी."

"आणि तीन वर्षांनी?"

सर खिडकीकडे बघत राहिले. "तीन वर्षांनी मीही निघालो होतो. दुसऱ्या गावी चांगली नोकरी लागली होती. गेलोही. पण मी कोणाशी काही बोललो ना, की माझं बोलणं संपल्यावर ती जागा यायची. टेपवर असते तशी. समोरचा माणूस बोलत असायचा, पण त्याच्या बोलण्याखाली ती जागा असायची आणि बाई त्यात थांबलेल्या असायच्या. फोनवर पलीकडचा माणूस बोलत नाही, पण आहे हे कळतं बघा. तसं. रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या थांबलेल्या. मी परत आलो. तेव्हापासून इथेच आहे. लग्न वगैरे झालं नाही."

"आणि आम्ही फी भरली तर?"

"तर ही साधी विद्यार्थिनी. पुस्तकं वाचायची, नकललेल्या टेपा ऐकायच्या. या जागेवर बसायचं नाही. बाईंना उत्तर मी देत राहीन, जमेल तितके दिवस."

"बाबा, फुकट मिळतंय," टकळी हळूच म्हणाली. "आणि मला आवडतात त्या."

वाइंडर उठला. जन्मात पहिल्यांदा त्याने काम बघायच्या आधी पैशाचं बोलून टाकलं. "फी भरतो मी. पूर्ण भरतो. हिला त्या खुर्चीतून उठवा."

घरी आल्यावर बायकोने डोक्याला हात लावला. "महिनाभर फी जास्त म्हणून माझं डोकं खाल्लंत. आता माफ करताहेत तर भरायला निघालात? अहो, ऊन लागलं का तुम्हाला?"

त्याने सगळं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं, मशीनला बॅटरी असेल म्हणाली, आणि त्याला पाणी आणून दिलं. रडली ती टकळी. "त्या बाईला कोणीच नाही बाबा. कोणी बोललं नाही तर ती तशीच बसून राहणार."

"आणि मला कोण आहे? तू गेलीस तिथे बसायला, तर मला कोण आहे?"

"मी काय मेले का?" बायको आतून म्हणाली. त्या परिस्थितीतही बापलेकीला हसू आलं, आणि त्या हसण्यातच गोष्ट ठरून गेली.

दुकानाचा पुढचा भाग शेजारच्या सायकलवाल्याने घेतला. नवं मशीनही गेलं. वाइंडर मागच्या अंधाऱ्या अर्ध्यात जुन्या हातमशीनवर तार भरू लागला. गिऱ्हाईक सायकलींमधून वाट काढत आत यायचं आणि टोमणे मारायचं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. प्रत्येक हप्ता भरताना त्याला आपण मुलीला कुठूनतरी सोडवून आणतोय असं वाटायचं, आणि त्या भरात तो पावती न घेताच परत यायचा.

टकळी शिकली. मन लावून शिकली. जेवताना ताट वाजवत ती धडे म्हणायची आणि ऐकून ऐकून वाइंडरच्याही कानात चार वाक्यं बसली. तिचं म्हणणं खरं ठरलं. त्या एका भाषेमागून तिने आणखी दोन उचलल्या, आणि लांबच्या मोठ्या शहरातल्या एका इस्पितळात तिला दुभाष्याचं काम मिळालं. कुठून कुठून आलेले पेशंट आणि डॉक्टर यांच्या मध्ये ती उभी राहायची. पगार ऐकून तिच्या मामाने तोंडात बोट घातलं. बायको आता शेजारणीला सांगायची, भाषेचं डोकं माझंच होतं. वाइंडर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. त्याला एवढंच पुरेसं होतं की पोरगी लांब होती, सुखात होती.

मग सर वारले. त्याच्या कानावर ते उशिराच आलं. सरांच्या जागी कॉलेजने कोणाला घेतलं नाही.

थोड्याच दिवसांत टकळीचा फोन आला. ती एक वाक्य बोलायची आणि थांबायची. "बाबा, मी पेशंटला काही सांगितलं ना, की त्यानंतर... जागा येते." पुन्हा थांबली. "काल डॉक्टरांनी तीनदा विचारलं, ऐकताय ना म्हणून. मला त्यांचं ऐकूच आलं नाही. ती थांबली आहे बाबा. सर होते तोवर ठीक होतं. आता कोणी नाही ना तिथे." आणि मग अगदी शांतपणे, "मी नोकरी सोडून येते. सरांच्या जागी बसते. तेवढंच होईल माझ्याकडून."

वाइंडरने फोन दुसऱ्या कानाला धरला. एवढी फी भरून काय सोडवलं होतं आपण? त्या सुट्टीत ती त्या खुर्चीत बसली, बोलली, हसली. ते कुठल्या पावतीने परत घेता येणार होतं?

"यायचं नाही," तो म्हणाला. "मी बघतो. मशीनमध्येच काहीतरी बिघाड असणार. माझंच काम आहे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन कॉलेजात गेला. मशीन दुरुस्त करायचंय म्हटल्यावर शिपायाने विनातक्रार खोली उघडून दिली. तो खुर्चीत बसला. खोलीत आवाज नव्हता, पण ती रिकामी नव्हती. समोर कोणीतरी तुमच्या तोंडाकडे बघत बसलं आहे, असं काहीसं. पळून जावंसं वाटलं, आणि पळालो तर ही बाई कोणाच्या मागे जाईल हेही कळलं. त्याने पिशवी खाली ठेवली आणि जेवणाच्या ताटावर ऐकलेल्या चार वाक्यांतलं पहिलं वाक्य म्हटलं. त्याचा अर्थ होता, बोला, मी ऐकतो आहे.

बाई बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. त्याला ओ की ठो कळलं नाही. त्या थांबल्या की तो आपलं तेच वाक्य पुन्हा म्हणायचा.

त्याच संध्याकाळी टकळीचा फोन आला. ती धबधब्यासारखी बोलत होती. "बाबा, थांबलं! दुपारपासून एकदम स्वच्छ! काय केलंस तू?"

"काही नाही. मशीन खोलून पार सुटं केलं."

"आणि ती?"

"मशीनच राहिलं नाही. त्यात आता कोणी नाही." मुलीशी इतकं सरळ खोटं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला, आणि त्याला जराही वाईट वाटलं नाही.

तेव्हापासून सकाळची वेळ बाईंची झाली. टकळीची जुनी पुस्तकं काढून तो दुकानात तार भरता भरता शब्द पाठ करायचा. हा म्हातारपणी कुठली परीक्षा देतोय म्हणून सायकलवाला चेष्टा करायचा. घरी कधीकधी साधा शब्द अडायचा. भांडं, उशी, पायरी. बायको तो सांगायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. एकदा तिने विचारलं, "अहो, तुमचं सगळं ठीक आहे ना?" तो ठीक आहे म्हणाला, पण तेवढ्यालाही त्याला वेळ लागला.

रोज उठताना बाई एक प्रश्न विचारायच्या, नेहमी तोच. सुरुवातीला तो न कळता मान हलवून निघून यायचा. एके दिवशी दाराशी पोचल्यावर तो प्रश्न त्याला कळला आणि तो तिथेच थबकला. मुलगी कुठे आहे, असं बाई विचारत होत्या. इतके महिने रोज.

काय सांगायचं? गावाचं नाव सांगणं शक्यच नव्हतं. माहीत नाही म्हटलं तर ही शोधत राहणार. रात्रंदिवस विचार करून त्याने एक वाक्य जुळवलं. एकदा सांगून टाकलं की प्रश्नच मिटला. दुसऱ्याची भाषा होती, तरी ते वाक्य पाठ करताना त्याची जीभ जड व्हायची. आपल्या भाषेत त्याला ते मनातही म्हणता आलं नसतं.

त्या सकाळी बाईंनी विचारलं आणि त्याने सांगितलं. मुलगी मेली.

बाहेर बोळात शिपाई झाडत होता, तेवढाच आवाज येत होता.

मग बाई म्हणाल्या, "नाही. ती इथे अजून आलेली नाही."

वाइंडरने खुर्चीचे हात घट्ट धरले. शब्द शोधत, चुकत, त्याने विचारलं, इथे म्हणजे कुठे, आणि कोण येतं तिथे. बाईंनी लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. ज्यांना आपलं बोलणं येतं ते सगळे. डोंगरावरचे सगळे आहेत. सर आले, पलीकडे बसले आहेत. बोलणं येतं म्हटल्यावर आणखी कुठे जाणार?

फी भरून त्याने तीन वर्षांचं शिक्षण विकत घेतलं होतं. पण शिकलेलं कोणाला परत करता येत नाही, ते मरेपर्यंत पुरतं आणि आता दिसत होतं की नंतरही पुरतं. त्याची टकळी एक दिवस तिथे जाणार. अनोळखी म्हाताऱ्यांच्या घोळक्यात उभी राहणार, आणि आपलं असं तिथे कोणी नसणार. मग बायकोचा विचार आला. ती कुठे जाईल, आपलीच भाषा बोलणाऱ्या केवढ्या मोठ्या गर्दीत, हे त्याच्या मनात आलं आणि त्याने तो विचार घाईघाईने बाजूला सारला. बायको गर्दीत कधी हरवणारी नव्हती. पोरगी एकटी पडली असती.

बाई थांबल्या होत्या. आता बोलायची पाळी त्याची होती. त्याला हवा तो शब्द येत नव्हता, म्हणून येत होते तेच घेऊन त्याने सांगितलं. आधी मी येईन. तिला उशीर होऊ दे. खूप उशीर होऊ दे. ती येईल तेव्हा मी दाराशी असेन.

तिथे दार आहे की नाही, त्याला माहीत नव्हतं.

बाई हळूच हसल्या. त्याचं शेवटचं वाक्य चुकलं होतं. त्यांनी ते नीट करून म्हणून दाखवलं आणि मग, त्याने म्हणावं म्हणून, त्याच्यासाठी जागा सोडली.